दमून घरी आल्यावर कोणता छंद लावून घ्यावा, ज्याचा पुढे काही उपयोगही होईल?

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की, खासगी नोकरी करून घरी पोहोचायला साडेआठ वाजतात, जेवणानंतरचे दोन तास मोबाइल चाळण्यात जातात आणि त्याची खंत वाटते; म्हणून एखादा छंद हवा आहे, पण तो पुढेमागे कामी येणारा हवा. पहिल्या भागाचे उत्तर मी शेवटी देईन. दुसऱ्या भागाबद्दल मात्र आधीच स्पष्ट सांगतो, कारण 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न मी माझ्याच घरात दहा वर्षे ऐकत आलो आहे. छंद निवडताना उपयोगाचा विचार करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

मी चाकण भागातल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करतो. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे आमच्या विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचा उतारा, आली की कोणत्या पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरलेले नाही याचा शोध, मग त्यांना फोन, आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक विवरणपत्र, असा आमचा महिना ठरलेला असतो. दुसऱ्याने बिल चढवले नाही म्हणून आमचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकते आणि त्याचा जाब मला द्यावा लागतो. चूक आपली नसताना खुलासा आपण लिहायचा, यासारखा शिणवणारा प्रकार माझ्या माहितीत दुसरा नाही. त्यात परतताना तळेगाव चौकातली कोंडी. तेव्हा आपण म्हणता तो थकवा मला परका नाही.

२०१५ मध्ये मी पुण्यात मोडी लिपीच्या, म्हणजे मराठी लिहिण्याच्या जुन्या जलद लिपीच्या, वर्गाला जाऊ लागलो. कारण अगदी साधे होते. जमिनीच्या एका जुन्या खरेदीखतावर आजोबांची मोडीतली सही होती आणि ती घरात कोणालाच वाचता येत नव्हती. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आपल्याच आजोबांचे अक्षर आपल्याला परके झाले, ही गोष्ट मला फार लागली होती. मुळाक्षरे आठ-दहा दिवसांत येतात. अडचण पुढे असते. मोडीत आधी पूर्ण ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरे एकमेकांत गुंफत नेतात. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि 'र' तर शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलतो. शिवाय प्रत्येक लेखकाचा हात वेगळा. पहिले वर्षभर माझी गती एका संध्याकाळी तीन-चार ओळींपलीकडे गेली नाही, आणि तरीही त्या तीन-चार ओळींनंतर मला जी झोप लागत असे, ती एरवी लागत नसे.

२०१६ मध्ये गावाकडच्या घराचा माळा उतरवला तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत लाल कापडात बांधलेला रुमाल सापडला. रुमाल म्हणजे कागदपत्रांचे गाठोडे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागदही असेच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. चुलतभावांचे म्हणणे होते की, वाचता न येणारे कागद घरात ठेवू नयेत, नदीत सोडून द्यावेत. अशा रीतीने किती घरांचे कागद पाण्यात गेले असतील, याचा विचार केला की आजही मला वाईट वाटते. मी तो रुमाल मागून घेतला आणि चिंचवडला आणला. त्यात बहुतेक कीर्दीची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीची, सुटी पाने, सारा भरल्याच्या पावत्या आणि काही पत्रे होती. आणि चार पानांची एक लग्नखर्चाची याद होती.

त्या यादीने माझे सात महिने घेतले. ती इंग्रजी अमदानीतली असल्यामुळे बोरूने नव्हे तर टाकाने, म्हणजे धातूच्या निबाने, लिहिलेली, म्हणजे अक्षर बारीक, तिरपे आणि घाईचे. आरंभी शके १८०१ असे मी वाचले. दोन महिने मी तेच धरून चाललो होतो. नंतर लक्षात आले की त्यापुढे संवत्सराचे नाव 'सर्वजित' आहे, आणि १८०१ चे संवत्सर 'प्रमाथी' येते; सर्वजित येते ते १८०९ मध्ये. शेवटचा आकडा एक नव्हता, घाईत लिहिलेला नऊ होता. त्यात ७८ मिळवले की १८८७ सालचा वैशाख. जुन्या कारकुनाने अंक आणि नाव दोन्ही लिहिण्याची शिस्त पाळली, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी माझी चूक मला सापडली. दिवसभर मीही ताळेच जुळवतो, पण तो ताळा जुळल्याचा आनंद मला कारखान्यात कधी झालेला नाही. कारण इथे माझ्यामागे कोणी उभे नव्हते, उशीर झाला तर दंड नव्हता, आणि चूक माझी होती तशी दुरुस्तीही माझीच होती.

यादी सुरू होते ती तांदूळ, गूळ, तूप, सुपारी यांनी. मण आणि शेर, रुपये आणि आणे. रुपयापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. पुढे वाजंत्री, कुंभार, परीट, न्हावी, भटजींची दक्षिणा, वरमाईचे लुगडे, व्याह्यांची पागोटी. मजकूर पुन्हा तोच असेल तिथे 'किता'. लग्न माझ्या पणजोबांच्या थोरल्या बहिणीचे होते. तिचे नाव आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. ते कागदावर आहे, घरचे म्हणून इथे लिहीत नाही. तिसऱ्या पानावर 'मुलीस परकर २' असे आहे. ज्या रात्री ती ओळ लागली, त्या रात्री मला पुढे वाचवेना. नवरीला लुगडे नाही, परकर, म्हणजे ती आठ-नऊ वर्षांची असणार. त्या काळी मुलींची लग्ने लहानपणी होत, हे आपण सर्वांनी शाळेत शिकलेले असते. पण आपल्याच घरच्या खर्चाच्या यादीत, पागोट्यांच्या आणि सुपारीच्या मध्ये, ते परकर दिसणे वेगळे असते. ओळी नुसत्या बोलून न दाखवता मी त्या वहीत बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून काढत होतो. त्या रात्री आईला उठवून ती ओळ वाचून दाखवली.

आता दादाविषयी. माझा थोरला भाऊ कर्तबगार आहे, वडिलांच्या आजारपणात घर त्याने सांभाळले, आणि त्याचा मला आदर आहे. पण तो मला सतत म्हणत असे, "त्या वेळात तू खात्याची एखादी परीक्षा दिली असतीस तर बढती मिळाली असती, दोन-दोन आण्यांचे हिशेब वाचून काय मिळणार?" मी गप्प बसत असे, कारण माझ्याजवळ त्याला पटेल असे उत्तर नव्हते.

मग २०२३ साल आले. सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीची नेमणूक झाली, जुन्या दप्तरांतून मराठा घरांच्या कुणबी नोंदींचा, म्हणजे ज्यांच्यावर ओबीसी आरक्षण मिळू शकते अशा नोंदींचा, शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी किंमत आली. त्या शोधाचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. एकेका घराचे भवितव्य एका शब्दावर अवलंबून होते. लोक कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू लागले. अधिकृत लिप्यंतराला देण्याआधी आमच्या कागदात काय आहे ते सांगा, असे त्यांचे म्हणणे असे. दादा म्हणाला, "बघ, शेवटी उपयोग झाला. आता पानामागे पैसे घे." मला ते पटले. खरे सांगायचे तर, त्याच्या तोंडून 'उपयोग झाला' हे ऐकण्यासाठी मी इतकी वर्षे थांबलो होतो.

साडेचार महिने मी ते काम केले. पैसे मिळाले, आणि त्यातून आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, हेही नमूद केले पाहिजे. पण माझी संध्याकाळ गेली. साडेआठला घरी यायचे आणि नऊला दुसरे कार्यालय उघडायचे. तेच फोन, तीच 'आजच हवे' ही निकड, तोच खुलासा. पूर्वी न लागलेला शब्द मी चार दिवस मनात घोळवत असे. आता न लागलेला शब्द म्हणजे अडलेले काम झाले. एका गृहस्थांच्या पणजोबांच्या नोंदीत त्यांना हवा होता तो शब्द नव्हता. मी तीनदा पाहिले, भिंगातून पाहिले, आणि नाही असे सांगितले, तेव्हा ते मला म्हणाले की पैसे घेता तर शब्द काढून द्या. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न होता. मात्र त्या दिवशी मला कळले की ज्या वस्तूला मी इतकी वर्षे जपले, ती मी हातची घालवत आहे. मोडी पाहिली की डोके दुखू लागले होते. मी घेतलेली कामे पुरी केली, उरलेल्या लोकांना जाणकारांची नावे दिली आणि थांबलो. पुढचे पाच महिने मी रुमाल उघडला नाही.

म्हणून आपल्याला सांगतो: 'कामी येईल' हा हिशेब आधीच मांडलात तर छंद पहिल्या दिवसापासून दुसरी नोकरी होऊन बसेल. जो म्हणतो की रिकाम्या वेळेचा मोबदला मिळालाच पाहिजे, त्याने माणूस संध्याकाळी घरी कशासाठी येतो याचा विचारच केलेला नाही, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना. मुलाला कडेवर घेऊन फिरवण्याचा, किंवा पहाटे गच्चीवर चहा पिण्याचा उपयोग कोणी विचारत नाही. मग दोन ओळी वाचण्याचाच का विचारावा?

आपला मूळ प्रश्न कोणता छंद, हा होता. मी मोडीच सुचवेन, कारण मला तीच येते. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे वर्ग भरतात. मंडळ तर १९१० पासूनचे आहे. वही, पेन्सिल आणि एक बरे भिंग एवढे पुरते. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही जागा आहे, पण सुरुवात हातानेच करावी, कारण अक्षर कसे वळते हे लिहिल्याशिवाय वाचता येत नाही. रोज अर्धा तास पुरे. रविवारी चार तास बसून आठवडाभर न बसण्यापेक्षा ते बरे. मोडी नको असेल तर शिवणकाम, पेटीवादन, कुंड्यांतली भाजी, काहीही घ्या. ज्यात हात गुंततो आणि मोबाइलचा पडदा लागत नाही असे काही असावे, एवढेच म्हणेन. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे हे आपल्याला ठाऊकच असेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. घरात खरोखरच पैशांची ओढ असेल तर माझे म्हणणे बाजूला ठेवा आणि जे कमावून देईल ते शिका. दादाने तेच केले म्हणून मी निवांतपणे कागद वाचू शकलो, हे मला मान्य आहे. लहान मुले असतील तर संध्याकाळ आधी त्यांची. चाळिशीनंतर बारीक अक्षरांनी डोळे दुखतात, तेव्हा चष्मा तपासून घ्यावा. आणि मोडीवर चरितार्थ चालवणारे उत्तम जाणकार आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, छंद म्हणून आलेल्या माणसाला बळेच त्या रांगेत उभे करण्यावर आहे.

गेल्या दिवाळीत मी पुन्हा रुमाल उघडला. यादीतली एक नोंद अजून लागलेली नाही. परकरांच्या खाली, दोन आण्यांसमोर एक शब्द आहे, ज्याचा मधला भाग कसरीने खाल्ला आहे. आरंभी 'बा' आणि शेवटी 'ली' स्पष्ट आहे. तो 'बाटली' असू शकतो, अत्तराची किंवा औषधाची. तो 'बाहुली'ही असू शकतो. छिद्राच्या खालच्या कडेला शाईचा एक बारीक अंश राहिला आहे. तो उकाराचा असेल तर बाहुली, नुसता डाग असेल तर बाटली. दादाने तो कागद हातात घेऊन पाहिला आणि विचारले की दोन आण्यांच्या एका शब्दासाठी आणखी किती रात्री घालवणार आहेस. त्याच हाताने लिहिलेली चाळीसेक पाने रुमालात शिल्लक आहेत, आणि हा कारकून उकाराचे टोक कुठे संपवतो हे त्यांत पाहायचे आहे. या महिन्याची जीएसटीआर-१ गेली की मी ती पाने काढणार आहे.