घरी मार खाणाऱ्या कर्मचारी बाईला मालकाने कशी मदत करावी?

तुमच्या युनिटमधली मुलगी अधूनमधून सुजलेल्या चेहऱ्याने येते, खाडे वाढलेत, रजेचं काय करावं असं तुम्ही विचारताय, आणि तिच्या नवऱ्याला ऑफिसात बोलावून समजावण्याच्या विचारात आहात. तेवढं मात्र करू नका. बाकी काहीही करा.

मी इथे बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पगाराचं काम बघायचे. पॅकिंगला एक बाई होती, आपल्याच मराठी घरातली. काम चोख, बोलणं जेवढ्यास तेवढं. पगाराच्या दिवशी नवरा गेटवर स्कूटर लावून उभा. आमच्या मॅनेजरसाहेबांना एकदा पुळका आला. त्याला केबिनमध्ये बसवलं, सेवउसळ मागवली, 'घरची लक्ष्मी' वगैरे बराच वेळ ऐकवलं. तो मान डोलावत राहिला, जाताना साहेबांच्या पायाही पडला. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. आली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं एकत्र पट्टीत बांधलेली आणि खोक्यांना टेप लावत होती डाव्या हाताने. ऑफिसात सांगितलंसच कसं, एवढ्यावरून.

साहेब अजूनही गणपतीत भेटले की चारचौघांत सांगतात, "तो संसार मी वाचवला."

त्यानंतर काही दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली. "ताई, पगार वाढला तर वाढीव पैसे त्या खात्यात नका टाकू." तेव्हा कळलं की खातं तिच्या नावाचं, पण एटीएम कार्ड त्याच्या खिशात आणि बँकेत नोंदवलेला मोबाइलही त्याचाच. पगार जमा झाल्याचा मेसेज आधी त्याला जायचा. मग दुसऱ्या बँकेत खातं काढलं. नंबर तिचा, पत्ता तिच्या आईचा. तिच्याकडून लेखी अर्ज घेतला: ओव्हरटाइम, बोनस आणि पगारवाढ नव्या खात्यात, मूळ पगार जुन्यातच. सगळाच पगार हलवला असता तर त्याला त्याच रात्री कळलं असतं. पगाराची स्लिप माझ्या ड्रॉवरमध्ये राहायची.

साहेबांना कळल्यावर तमाशा. "आपण पगार द्यायचा, लोकांची घरं नाही फोडायची. घरनी वात घरमां, घरची गोष्ट घरातच." मी म्हटलं, साहेब, तिचे पैसे तिला देतेय, तुमचे नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हासुद्धा हिंसाचारच धरलाय. आणि संस्कृतीचं म्हणाल तर सयाजीरावांनी या गावात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा १९३१ साली दिला, देशाला त्यासाठी १९५५ उजाडावं लागलं. यावर साहेबांनी फाइल मागितली.

आता तुमचं. गेटवरच्या माणसाला सांगून ठेवा की तिच्या घरचं कोणी आलं तर 'आहे' किंवा 'नाही' काहीच बोलायचं नाही, आधी आत फोन करायचा. तिची शिफ्ट, सुट्टीची वेळ कोणालाही फोनवर सांगू नका. त्याच २००५च्या कायद्याने मॅजिस्ट्रेट नवऱ्याला तिच्या कामाच्या जागी पाऊल टाकायलाही बंदी करू शकतात; आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा आदेश तिने आणला तर त्याची एक प्रत गेटवर हवी. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला खबर कोणीही देऊ शकतं, चांगल्या हेतूने दिली तर तुमच्यावर काही येत नाही. गुजरातेत १८१ अभयम ही बायकांसाठीची हेल्पलाइन आहे, गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस येतात. हा नंबर बायकांच्या स्वच्छतागृहात आतून चिकटवा, नोटीस बोर्डवर नको. तिथे उभं राहून कोण वाचणार?

लैंगिक छळाच्या समितीकडे हे प्रकरण ढकलू नका, ती कामाच्या ठिकाणच्या छळासाठी आहे. खाड्यांबद्दल मेमो तर मुळीच नको. नोकरी गेली की तो जिंकला. रजेचं तुम्ही विचारलंय: न्यूझीलंडमध्ये २०१९पासून अशा कर्मचाऱ्यांना वर्षाला दहा दिवस पगारी रजा कायद्याने मिळते. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण द्यायला तुम्हाला अडवलंय कोणी?

हो, हे लिहायचं राहिलं: यातलं काहीही तिला न विचारता करू नका, खबर देणंसुद्धा. घरी काय उलटेल ते तिलाच माहीत. पुरुषही घरी मार खातात, त्यांना हा कायदा लागू नाही, पण खात्याचं आणि गेटचं सगळं तसंच करता येतं. मी वकील नाही, कोर्टाचं एखाद्या वकिलाला विचारा. आणि ती परत नवऱ्याकडे गेली तर रागावू नका. आमचीही गेली होती. नवं खातं मात्र तिने चालू ठेवलं, आणि पुढे वेगळी खोली घेतली तेव्हा डिपॉझिट त्यातूनच भरलं. साहेबांना हे अजून माहीत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही. तिच्या बँकेत नोंदवलेला नंबर कोणाचा आहे? उद्या तिला एकटीला विचारा.