सुरमईच्या पोटातले मासे: सासूबाई बरोबर की मिस्टर?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमा, होड्या बाहेर, आणि बाजारात सुरमई दिसायला लागली की आमच्याकडे दरवर्षी एकाच टाइपचे फोटो यायला सुरुवात होते. ओट्यावर पेपर पसरलेला, त्यावर चिरलेलं पोट, बाजूला अर्धवट पचलेली चिंगूट मासळी आणि खाली एक ओळ, "हे काय आहे हो?" या वेळी असे चार प्रश्न जमलेत, म्हणून सगळा अंक त्यांनाच देऊन टाकतोय, पापलेट महाग का या प्रश्नाला पुढच्या वेळी बघू.

प्रश्न (अलिबाग): रविवारी तीन किलोची अख्खी सुरमई आणली. गाभोळी असेल म्हणून पोट मीच उघडलं तर गाभोळी नाहीच, सात-आठ बोटभर मासे निघाले. सासूबाई म्हणतात मांदेली, मिस्टर म्हणतात बोंबलाची पिल्लं, मला तारली वाटते. अर्ध्यांना डोकंच नाहीये. फोटो पाठवलाय. आणि हे मासे खाल्ले तर चालले असते का?

उत्तर: ताई, फोटो झूम करून करून बघितला. तिघांत सासूबाई सगळ्यात जवळ पोचल्यात पण पूर्ण मार्क देता येत नाहीत. आधी मिस्टरांचा निकाल लावू. बोंबलाची शेपटी तीन टोकांची असते, मधे एक छोटं टोक बाहेर आलेलं, आणि तोंड म्हणजे नुसती दातांची पिशवी. शिवाय बोंबलाचं अंग मुळात पाण्याने भरलेलं, सुरमईच्या पोटात तासभर राहिला तरी त्याचा काला झाला असता, असा ताठ मासा तुमच्या हाताला लागलाच नसता.

आता मांदेली. घरात असेल तर एक शेजारी ठेवून बघा, तिचं अंग मागे निमुळतं होत होत सुरीच्या टोकासारखं संपतं, पोटाखालचा लांब पर पार शेपटीला जाऊन चिकटतो, वेगळी अशी शेपटी दिसतच नाही. तुमच्या फोटोत उजवीकडच्या दोघांची शेपटी स्वच्छ कात्रीसारखी दुभंगलेली आहे, त्यामुळे मांदेली बाद. सोनेरी रंग नाही म्हणून बाद असं मात्र मी म्हणणार नाही, कारण पोटात गेल्यावर सगळ्यात आधी रंग जातो, मग कातडी आणि खवले, मग परांच्या कडा. रंगावरून ओळखायला गेलात की फसलात. लांबीवरून पण नाही, पचताना मासा तुटतो, आखडतो.

राहिली तुमची तारली. फोटोत जो एकच मासा डोक्यासकट आहे त्याचं तोंड बघा, नाक पुढे आलंय आणि तोंड खाली, हनुवटी नसलेल्या माणसासारखं, आणि जबड्याची फट डोळ्याच्याही मागे गेलीय. तारलीचं तोंड असं नसतं, ते पुढच्या टोकाला आणि छोटंसं. आणखी एक परीक्षा आहे, बोट शेपटीकडून डोक्याकडे पोटाच्या कडेवरून फिरवायचं, तारलीला तिथे करवतीसारखे दाते असतात, बोटाला अडकतात. तुमच्या माशाला फक्त पुढच्या भागात चार-सहा टोचणाऱ्या सुया सापडतील, बाकी पोट गुळगुळीत. बाजूने चंदेरी पट्टा पुसटसा उरलाय तोही याच साक्षीचा.

तर हे मांदेलीच्या कुळातले, पण वेगळे. शास्त्रीय नाव स्टोलेफोरस, इंग्रजीवाले अँकोव्ही म्हणतात, तमिळनाडूत सुकवून नेत्तिली म्हणून विकतात ते हेच. आपल्या किनाऱ्यावर दर बंदराला त्याचं नाव बदलतं, म्हणून मावशीला नाव विचारण्यापेक्षा मासा दाखवा. नक्की कुठली जात हे फोटोवरून सांगणार नाही, या गटात सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत.

डोकी का नाहीत? शिकारी मासा भक्ष्य बहुतेक वेळा डोक्याकडून गिळतो, म्हणजे पर आणि काटे आपोआप मागे मिटतात, घशात अडकत नाहीत. त्यामुळे डोकं पोटात आधी पोचतं, आधी पचतं आणि शेपटी शेवटपर्यंत टिकते. सुरमईच्या बाबतीत दुसरंही होतं, तिचे दात पातीसारखे धारदार, ती मोठ्या भक्ष्याचे सरळ तुकडेच करते. कड विरघळल्यासारखी मऊ असेल तर पचनाचं काम, ब्लेडने कापल्यासारखी असेल तर दातांचं.

खायचं म्हणाल तर नको. सुरमईच्या तुकड्या बिनधास्त तळा, पण पोटातला माल कचऱ्यात. एक तर तो आम्लात भिजून आंबट-कडवट झालेला असतो, आणि दुसरं म्हणजे केंडासारखा विषारी मासा अर्धा पचला की ओळखू येईलच असं नाही, त्याचं विष शिजवूनही जात नाही. सात माशांसाठी कशाला!

प्रश्न (रत्नागिरी): मी गळाने मासेमारी करतो. मोठं हेकरू लागलं होतं, पोटात नुसता लगदा, एक पूर्ण मणका आणि तुरीच्या डाळीएवढे दोन पांढरे खडे. मी बांगडा धरून चाललोय. मणक्याचे मणी मोजले, पंचवीस भरले. खडे वाळूतले असतील का?

उत्तर: दादा, मणी मोजलेत यातच अर्धं काम झालं, लोक लगदा बघून नाक दाबतात. बांगड्याचे मणी ३१ असतात, त्यामुळे मणका खरंच अख्खा असेल तर बांगडा गेला. पण पंचवीसवरून अमुकच मासा असंही म्हणता येत नाही, २४-२५ मणी असलेले मासे समुद्रात ढिगाने आहेत, म्हणजे मोजणी कोण नाही ते सांगते, कोण आहे ते नाही.

ते तुमचे खडे सांगतात. वाळूतले नाहीत, ते माशाच्या कानातले आहेत. हाडं असलेल्या प्रत्येक माशाच्या डोक्यात अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात, त्यातली एक जोडी साधारण मोठी, आणि तोल सांभाळायला व ऐकायला त्यांचा उपयोग होतो. मुशी-मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, डोक्यात असे खडे नसतात. गंमत म्हणजे मासा मोठा म्हणजे खडा मोठा असं नाही. चांगल्या वीतभर बांगड्याचा खडा इतका बारीक आणि पातळ की बोटाच्या पेरावर हरवतो, आणि त्याच्याहून छोट्या ढोम्याचा खडा जाडजूड, दाण्यासारखा. ढोमा, घोळ ही मंडळी पोटातला हवेचा फुगा वाजवून आवाज काढणाऱ्यांच्या घराण्यातली, या घराण्याचे खडे ठसठशीतच असतात. डाळीएवढे, जाड, एका अंगाला खोलगट खाच असतील तर माझं मत ढोम्याला.

स्वच्छ कसे करायचे, तर लगदा चहाच्या गाळणीत घेऊन हळू नळाखाली धरायचा, मऊ टूथब्रश फिरवायचा आणि काळ्या कागदावर टाकायचे, पांढऱ्या ताटलीत शोधत बसलात तर डोळे जातील. (आमच्या घरातली एक गाळणी यापायी कायमची बाद झाली, तिच्यावर मार्करने फुली मारून ठेवलीय तरी पाहुणे नेमकी तीच उचलतात.) लगद्यात वाटाण्याहून लहान पारदर्शक गोळ्या मिळतील, ती डोळ्यांतली भिंगं, तीही उशिरा पचतात. दोन भिंगं म्हणजे एक मासा, त्यावरून किती मासे खाल्ले त्याचा अंदाज येतो.

मत्स्यशास्त्रज्ञ हेच करतात, फक्त गाळणी महाग असते. कोचीला मुख्यालय असलेली सीएमएफआरआय ही समुद्री माशांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९४७ पासून आहे, मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई ही मत्स्यशिक्षण देणारी संस्था आहे, अशा ठिकाणी खड्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय काढतात, लहान पिल्लांमध्ये तर रोजचं एक वलय सापडतं. आणि नुसता लगदाच उरला असेल तर डीएनए तपासतात, ते आपल्या ओट्यावर होणारं काम नाही.

प्रश्न (पुणे): सुरमईच्या घशात अख्खा बांगडा निघाला, पाठीवरचे पट्टे चमकत होते, अजिबात पचलेला नाही. वजन वाढवायला विक्रेत्याने कोंबला का? भांडायला जाऊ का?

उत्तर: थांबा, चप्पल काढून ठेवा. ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढत नेतात त्या पिशवीसारख्या जाळ्यात, सगळे मासे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत एकमेकांवर दाबले जातात, आणि शिकारी मासा मरणाच्या दारातही समोर आलेलं गिळतो. असा जाळ्यात खाल्लेला मासा तोंडात किंवा घशात ताजाच सापडतो, म्हणूनच आहाराचा अभ्यास करणारे असल्या कोऱ्या करकरीत भक्ष्याकडे संशयाने बघतात, हे रोजचं जेवण की जाळ्यातला घास? संशय फिटत नसेल तर बघा, बांगड्याचं डोकं आत आणि शेपटी बाहेर असेल, थोडा जरी अन्ननलिकेत उतरला असेल, अंगावर दातांच्या खुणा असतील तर सुरमईनेच गिळलाय. नुसता गालात तिरका पडलेला आणि एकही ओरखडा नसेल तर मग जा, पण आवाज चढवू नका, पुढच्या रविवारी परत तिथेच जायचंय.

प्रश्न (मस्कत): इथे सुरमईला कनद म्हणतात. परवा एका कनदच्या पोटात पोपटाच्या चोचीसारखे काळपट तुकडे मिळाले, माझी मुलगी म्हणते सुरमईने पक्षी खाल्ला!

उत्तर: मुलीला सांगा अंदाज भारी होता. ती माकुलाची चोच. माकुलाच्या हातांच्या मधोमध तोंड असतं आणि त्यात वर-खाली अशी चोचीची जोडी, नखासारख्या चिवट पदार्थाची, म्हणून सगळं अंग पचून गेलं तरी ती उरते. खालच्या चोची मोजा, तेवढी माकुलं. त्याच पोटात प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक पात मिळाली तर ते लांबट माकुल, आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला टांगतात तसलं पांढरं खडूसारखं कवच मिळालं तर त्याचा रुंद, चपटा भाऊबंद. म्हणजे पोपट कुठे ना कुठे आलाच.

शेवटी सगळ्यांसाठी एक, कारण नमुना पाठवू का असं तिघांनी विचारलंय. आधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून, एक बाजूने आणि एक तोंडाचा जवळून. मासा ठेवायचा तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, किंवा औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये. कुठल्या माशाच्या पोटातून, कधी, कुठे, हे पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई स्पिरिटमध्ये पसरते. खडे मात्र कोरडेच ठेवा, काड्यापेटीत कापूस घालून. गेल्या वर्षी एका काकांनी फार काळजीने व्हिनेगरमध्ये बुडवून पाठवले होते, माझ्या हातात आली ती चिठ्ठी आणि तळाशी थोडा पांढरट गाळ, आम्लात खडे विरघळतात हो, तेच तर सुरमईचं पोट करत असतं.