'तटस्थता' आणि 'वस्तुनिष्ठता' : राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न

नागपुरात राज्यशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, मुस्लिम समाजांच्या राजकारणावरील लघुप्रबंधात तिने 'तटस्थता' लिहिले तेथे मार्गदर्शकांनी 'वस्तुनिष्ठता' असे केले. हे शब्द समानार्थी नाहीत का? नाहीत, आणि ती दुरुस्ती योग्यच आहे.

तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला, कोणाचीही बाजू न घेणारा. हा अभ्यासकाच्या भूमिकेचा गुण झाला. वस्तुनिष्ठता हा पद्धतीचा गुण आहे. पुरावा कोठून आणला, कसा पारखला आणि विरुद्ध मताच्या माणसालाही तो तपासून पाहता येतो का, हे तिथे पाहायचे असते. विषयाची निवड अभ्यासकाच्या मूल्यांवरून ठरते, परंतु पुराव्याची सिद्धता त्या मूल्यांवर अवलंबून राहता कामा नये, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४ मध्येच मांडले होते. साहित्यसमीक्षक एडवर्ड सईद यांनी १९७८ मध्ये पाश्चात्त्य प्राच्यविद्येवर, म्हणजे पाश्चात्त्यांनी केलेल्या पौर्वात्य समाजांच्या अभ्यासावर, जी टीका केली, तिचा रोख तटस्थतेच्या दाव्याआड दडलेल्या सत्तासंबंधांवर होता.

आता आपल्या शहरातले उदाहरण घ्या. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मोमिनपुऱ्यातल्या मशिदीबाहेर उभे राहून प्रश्नावली भरून घेतली, तर अभ्यासक मनाने कितीही तटस्थ असला तरी हाती येतील ती मुख्यतः नमाजाला आलेल्या पुरुषांची मते. घरातल्या स्त्रिया आणि मशिदीत न जाणारे त्यातून निसटतील. ताजबागेतल्या गर्दीवरून 'मुस्लिम मत' काढणेही तितकेच चुकीचे, कारण तेथील ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावर हिंदू भाविकही श्रद्धेने येतात. 'तुम्ही धर्म पाहून मत देता की विकास पाहून?' हा प्रश्न तर उत्तर देणाऱ्याला आधीच दोन कप्प्यांत कोंबतो. हे सारे दोष पद्धतीचे आहेत, वृत्तीचे नव्हेत.

याउलट, २००५ मध्ये नेमलेली सच्चर समिती मुस्लिमांची सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक स्थिती तपासण्याच्या उघड हेतूने काम करीत होती. तरीही तिच्या २००६ च्या अहवालातले बरेचसे आकडे जनगणना आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे असल्याने समितीच्या शिफारशी अमान्य असणाराही ते पडताळू शकतो. मुस्लिमांमधील ओबीसींची आकडेवारी तिने वेगळी मांडली, हे मला विशेष मोलाचे वाटते.

'तटस्थ' हा शब्द मुलाखतींच्या प्रकरणात अवश्य ठेवावा. समोरचा बोलत असताना आपले मत चेहऱ्यावरही उमटू न देणे, यासाठी तोच नेमका आहे. नमुनानिवड, प्रश्नांची रचना आणि निष्कर्ष यांबाबत मात्र 'वस्तुनिष्ठ' असेच लिहावे.