शिल्प-शंका : ब्राँझ, मातीपासून चौथऱ्यापर्यंत

या वेळी धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये ब्राँझच्या शिल्पांचेच प्रश्न जास्त होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी बारावीत आहे. गोंदूर आमच्या गावापासून फार लांब नाही. राम सुतार यांच्यासारखं शिल्पकार व्हायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि त्यांचं काम आकारानं मोठं म्हणून मोठं मानायचं, की त्यामागे काही विचार आहे?
— एक विद्यार्थी, धुळे तालुका

आधी त्यांचा प्रवास बघ. १९२५ साली गोंदूरला सुतारकाम करणाऱ्या घरात जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण आणि १९५३ साली मॉडेलिंगचं मेयो पदक. १९५४ ते १९५८ पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांची दुरुस्ती. मग दिल्लीत केंद्र सरकारच्या जाहिरात विभागात नोकरी, आणि ती सोडून स्वतंत्र काम. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा २०१८ साली उभा राहिला, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. पदक आणि पटेल यांच्या मधली सहा दशकं लोक विसरतात. त्यातही वेरूळची चार वर्षं आम्हाला पदकाहून महत्त्वाची वाटतात. तुटलेला हात पुन्हा घडवायचा तर उरलेल्या शरीराचा तोल आधी वाचावा लागतो, आणि ते वर्गात शिकवता येत नाही.

विचाराबद्दल. दगडात लांबवलेला हात तुटतो, ब्राँझमध्ये तुटत नाही. म्हणून ब्राँझमध्ये काम करणाऱ्याला हात उगारायचा, घोडा उधळवायचा मोह होतो. सुतारांचा संसदेच्या आवारातला बसलेला गांधी (१९९३) बघा : मांडी घातलेली, हात मांडीवर, बाह्यरेषा त्रिकोणात मिटलेली. धातूची ताकद हाताशी असून वापरलेली नाही. सगळा भाव झुकलेल्या नजरेत आणि मानेच्या कोनात आहे. हा निर्णय मातीत घ्यावा लागतो. मातीत मान दोन अंश चुकली तर ती चूक मातीवरून घेतलेला साचा, त्यातली मेणाची प्रत आणि मेण वितळवून रिकाम्या झालेल्या जागेत ओतलेला धातू प्रामाणिकपणे पुढे नेतात. भट्टी काहीही सुधारत नाही.

आता तुझं काम. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या नसतील तर देऊन टाक. प्रवेशासाठी जे. जे. आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, दोन्हीकडे शिल्पकला विभाग जुने आणि भक्कम आहेत. नंदुरबारकडच्यांना बडोदा सोयीचं पडतं. तोपर्यंत घरी डोकी कर. लाकडी पाट, त्यात घट्ट बसवलेला पाऊण इंची पाइप, वर जाड तारेचे दोन लंबगोल फास आणि त्यात तारेनं टांगलेल्या लाकडाच्या छोट्या फुल्या. स्टुडिओत त्यांना बटरफ्लाय म्हणतात. त्या नसल्या तर ओली माती स्वतःच्या वजनानं घसरते आणि हनुवटी छातीकडे येते. खऱ्या मापाच्या डोक्याला मानेसकट १२ ते १५ किलो शाडू लागते. शेतातली काळी माती घेऊ नकोस, ती वाळताना फार आकसते आणि चिरते. डोळे-नाक शेवटी. पहिले दोन दिवस फक्त कवटी, जबडा आणि मान यांचे उतार, तेही पाट फिरवून चारही बाजूंनी. नवशिक्यांची डोकी समोरून बरी आणि बाजूनं चपटी असतात, कारण ती फोटोवरून केलेली असतात.

पदवीनंतर लगेच स्वतःचं दुकान मांडण्यापेक्षा तीन-चार वर्षं एखाद्या स्टुडिओत आणि त्यातलं निदान एक वर्ष ओतशाळेत काढावं. ज्याला ओतकाम कळत नाही तो कपड्यांच्या ओतता येणार नाहीत अशा घड्या करतो.

प्रश्न : गावात तीन फुटी अर्धपुतळा बसवायचा आहे. दोन दरपत्रकं आली आहेत, दोन्ही किलोवर. एकानं ५० किलो धरलं, दुसऱ्यानं १३०. खरं कुणाचं? मंजुरी, करारात काय लिहावं, हेही सांगा.
— पुतळा समितीचे सदस्य, शिरपूर तालुका

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर पृष्ठभाग आणि एक मिलिमीटर जाडी म्हणजे सुमारे ८.८ किलो ब्राँझ. तीन फुटी अर्धपुतळ्याचा पृष्ठभाग साधारण १.४ चौरस मीटर भरतो. ६ मिलिमीटर जाडीला ७४ किलो, सांधे आणि आतल्या पट्ट्या धरून ८० च्या आसपास. ५० किलो म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. निष्णात ओतारी तेवढ्यात भागवतो, पण घड्यांच्या तळाशी वितळलेल्या धातूचा रस पोचत नाही आणि भोकं पडतात. १३० किलो म्हणजे १० मिलिमीटरच्या वर. जाड म्हणजे दणकट, असा समज आहे. खरं तर जाडी कमी-जास्त असली की जाड भाग शेवटी गोठतो, आकसतो आणि तिथे खड्डा किंवा तडा पडतो. किलोवर पैसे दिले की जाडी वाढवण्याकडे कल जाणारच. म्हणून दर पुतळ्यावर ठरवा आणि जाडी (५ ते ७ मिलिमीटर) करारात लिहा.

धातूचं प्रमाणही लिहा. पुतळ्यांना ८५-५-५-५, म्हणजे तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५, हे चालतं आणि ओतायला सोपं जातं. प्रत्येक ओतीचा छोटा नमुना वेगळा काढून, त्यावर तारीख कोरून धातू-तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. भंगार पुन्हा पुन्हा वितळवलं की जस्त उडून जातं (पांढरा धूर दिसतो तो तोच) आणि रसात वायू शिरतो. ऑक्सिजन काढायला शंभर किलो रसाला सुमारे शंभर ग्रॅम फॉस्फर-कॉपर टाकतात. हायड्रोजन मात्र त्यानं जात नाही, त्यासाठी मूस आणि धातू कोरडे हवेत.

मंजुरीचं थोडक्यात : २०१७ च्या शासन निर्णयानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. मान्यतेआधी साचा घेऊ देऊ नका. समितीच्या सगळ्यांनी मातीचा पुतळा चौथऱ्याच्या उंचीवर ठेवून खालून बघावा. टेबलावर छान दिसलेलं कपाळ आठ फुटांवर गेलं की खालून दबलेलं दिसतं. अनुभवी शिल्पकार त्यासाठी डोकं थोडं मोठं आणि थोडं पुढे झुकतं ठेवतो. तीन फुटांचं माप हवं असेल तर माती तेवढीच करून चालत नाही. मेण आणि धातू मिळून दोन ते अडीच टक्के आकसतात, म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर.

ताब्यात घेताना पुतळा आडवा करून आत टॉर्च मारा. चार गोष्टी बघायच्या. गाभ्याचं, म्हणजे पुतळा पोकळ राहावा म्हणून आत भरलेलं प्लास्टर आणि सुरखी (विटेची भुकटी) पूर्ण काढलेली हवी. राहिली तर ती पावसाळ्यात पाणी धरते आणि वर्षभरात सांध्यांतून पांढरे क्षार बाहेर येतात. गाभा धरून ठेवणारे लोखंडी खिळे काढून तिथे ब्राँझचे बूच बसवलेले हवेत, नाहीतर गालावर तांबूस ओघळ येतो. वेल्डिंगची कांडी त्याच जातीच्या मिश्रधातूची हवी. वेगळी असेल तर रंग दिल्यावरही सांधा ओळखू येतो. आणि तळाला पाणी निघायला भोक हवं.

पूर्णाकृती पुतळा करणाऱ्यांनी आतल्या सांगाड्यावर सर्वांत जास्त लक्ष द्यावं. साधं लोखंड ब्राँझला चिकटून ओलं राहिलं की लोखंडच झपाट्यानं गंजतं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये, अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला. चौकशी अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि चुकीचं वेल्डिंग हीच कारणं आली. सांगाडा स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि दोन धातू जिथे भेटतात तिथे नायलॉन किंवा टेफ्लॉनच्या चकत्या घाला.

पैसे टप्प्यांत द्या : माती मंजूर झाल्यावर, मेण तपासल्यावर, ओतकाम झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता पुतळा बसवल्यावर. मेण बघायला मात्र स्वतः जा. चेहऱ्यातली दुरुस्ती स्वस्तात करायची ती शेवटची जागा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये मेणाची प्रतिकृती रात्रीत वाकते. पारा ४४-४५ वर जातो. उपाय काय?
— शिल्पकार, भुसावळ

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण तिशीच्या पुढेच मऊ पडतं. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बाहेरपेक्षा जास्त ताप असतो, तेव्हा उभ्या हाताचा कोपर खाली येणारच. निम्म्याहून जास्त मायक्रोक्रिस्टलाइन मेण घ्या आणि राळ ५ ते १० टक्के मिसळा. राळ वाढवली तर मेण काचेसारखं तडकतं, तेव्हा आधी हातभर पट्टी ओतून वाकवून बघा. लांब भाग वेगळे करून पाण्याच्या टाकीत ठेवा आणि पहाटे जोडा. आमचा सल्ला विचाराल तर खानदेशात मेणाचं काम दिवाळी ते माघ एवढ्यात उरकावं आणि उन्हाळा साच्यांच्या वाळवणीसाठी राखावा. त्या कामाला इथलं ऊन वरदान आहे. पावसाळ्यात प्लास्टर-सुरखीचे साचे नीट वाळत नाहीत. वरून कोरडा वाटलेला साचा आत दमट असतो, ११०० अंशांचा रस पडताच वाफ होते आणि रस उलट उसळतो. भट्टीत साचा सावकाश ६०० अंशांपर्यंत न्यावा. मोठ्या साच्याला दोन-तीन दिवस लागतात. वायुनळ्यांच्या तोंडाशी धरलेल्या थंड काचेवर दव येतं तोवर ओतायचं नाही.

प्रश्न : काशाच्या ताटाचं भंगार स्वस्त मिळतं. त्यातून मूर्ती ओतता येईल का?
— वाचक, चोपडा

नुसत्या त्यातून नको. ताटाच्या काशात कथील २० ते २२ टक्के असतं. ते नाद छान देतं, पण ओतल्यावर ठिसूळ राहतं. छिन्नी लावली की कोपरा उडतो. तांबं घालून कथील १० टक्क्यांवर आणलंत तर चालेल, मात्र आधी तपासणी करून.

प्रश्न : जयंतीच्या आधी आम्ही पुतळा चिंच आणि पितांबरीनं घासतो. दोन दिवस झळकतो, मग डाग पडतात. ब्राँझ हलकं निघालं का?
— ग्रामपंचायत सदस्य, शहादा तालुका

ब्राँझ चांगलंच असेल. घासण्यानं तुम्ही त्याची कातडी काढता. पुतळ्याचा तपकिरी रंग हा टॉर्चनं तापवून रसायनांनी आणलेला थर असतो (फेरिक नायट्रेटनं तांबूस, लिव्हर ऑफ सल्फरनं काळपट) आणि त्यावर मेण असतं. तो थर गेला की उघडा धातू हवेशी वाटेल तसा, ठिकठिकाणी वेगळा काळवंडतो. दुधाचा अभिषेक, कुंकू आणि चार दिवस तसेच राहिलेले ओले हार हेही तेच करतात. सोनेरी ऑइलपेंट तर मुळीच नको, तो पापण्या आणि घड्या बुजवतो.

आता एकदा जाणकाराकडून रंग पुन्हा चढवून घ्या. पुढे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, साध्या पाण्यात चमचाभर सौम्य साबण घालून मऊ ब्रशनं धुवा, स्वच्छ पाणी घाला, पूर्ण वाळू द्या, ऊन चढल्यावर रंगहीन मेणाचा पातळ हात द्या आणि सुती कापडानं चोळा. फिकट हिरवे, पिठासारखे सुटणारे ठिपके दिसले तर मेण लावू नका. तो क्लोराइडचा रोग असतो आणि मेणाखाली वाढत राहतो. त्यासाठी संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाला बोलवा. हार पुतळ्याच्या गळ्यात न घालता चौथऱ्यावर आडव्या दांडीला लावता येतात. दांडीही स्टेनलेस स्टीलचीच घ्या.