४० मुलं, एक दिवस: वर्धा, सेवाग्राम, पवनार आणि नागपूर कसं बसवू?

नाही बसत, सर. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून सहावी-सातवीची ४० मुलं एका एसटीत घालायची आणि वर्ध्याचं मगन संग्रहालय, सेवाग्राम, पवनार करून वर नागपूरचं रमन विज्ञान केंद्र गाठायचं म्हणता. एकट्या वर्धा-नागपूरलाच सत्तरेक किलोमीटर पडतात. मुलं दिवसभर चढतील, उतरतील आणि हजेरी देतील. नागपूर सोडा. पवनारही सोडा. सकाळी मगन संग्रहालय, डबे खाऊन दुपारी सेवाग्रामची बापू कुटी, बस्स.

"विज्ञानाचं काहीतरी हवं म्हणून नागपूर जोडलं" असं तुम्ही लिहिलंय, तिथेच माझं डोकं सणकलं. हेच वाक्य आमच्याकडचे एक मुख्याध्यापक दरवर्षी म्हणतात. त्यांच्या लेखी चरखा म्हणजे इतिहास आणि विज्ञान म्हणजे बटण दाबलं की दिवा लागतो ते. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ला केलं, त्यांचे पुतणे मगनलाल गांधी यांच्या नावानं. ग्रामोद्योगांची साधनं लोकांना बघता यावीत, हा हेतू. म्हणजे मुळात ते यंत्रांचंच संग्रहालय.

अर्धा कार्यक्रम सहलीच्या आठ दिवस आधी शाळेत होतो. तुमच्या मुलांच्या घरी पऱ्हाटी आहे, त्यामुळे साहित्य फुकट. प्रत्येक गटाला ३० ग्रॅम कापूस द्या, म्हणजे सहा-आठ बोंडांचा. हातानं सरकी वेगळी करायला लावा आणि रुई, सरकी वेगवेगळी तोला. रुई साधारण १० ग्रॅम भरेल. बाप क्विंटलनं कापूस विकतो त्यात धागा होणारा माल तिसरा हिस्साच, हे मुलांना तिथे कळतं. किराण्याचा काटा चालणार नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. मग एका सरकीवरचे तंतू न तोडता बारीक कंगव्यानं दोन्ही बाजूंना विंचरा, काळ्या कापडावर ठेवा आणि एका बाजूची लांबी पट्टीनं मोजा. संकरित कापसाची २५ ते ३० मिलिमीटर येईल. आधी तंतूंची टोकं विंचरा, मग थोडं थोडं सरकीकडे सरकत या. एकदम मुळाशी घातलात तर तंतू उपटून येतात आणि माप फसतं.

संग्रहालयात २०-२० च्या दोन तुकड्या करा. एक दालनं बघेल, दुसरी चरख्यापाशी बसेल, ४० मिनिटांनी अदलाबदल. चरखा चालवून दाखवणारं माणूस त्या दिवशी आहे का, हे आधी फोन करून पक्कं करा, नाहीतर मुलं फलक उतरवत बसतात. पेटी चरख्यावर चातीला, म्हणजे सूत कातणाऱ्या फिरत्या सळईला, कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि मूठ अगदी हळू एक फेरा फिरवा. चाती किती वेळा फिरली ते मुलं मोजतील. नंतर चाकांचे व्यास मोजून गुणोत्तर काढायचं. प्रत्यक्ष आकडा हिशोबापेक्षा कमीच येतो: चाकं जोडणारी दोरी, म्हणजे माळ, थोडी घसरते, शिवाय तिची जाडी लहान कप्पीवर जास्त भरते. हा फरक मुलांनाच शोधू द्या. सूत चातीच्या टोकाच्या रेषेत धरलं की पीळ बसतो, आडवं धरलं की गुंडाळलं जातं. एकाच चातीची ही दोन कामं मुलांना स्वतःच्या हातानं करायला मिळाली पाहिजेत.

त्याच मुख्याध्यापकांच्या शाळेच्या गटाबरोबर मी होतो. जेवणानंतरच्या तुकडीचं सूत सारखं तुटत होतं. जानेवारीतली कोरडी हवा, त्यात पोरं पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी, मुठीत आवळून धरत होती. पेळू चिमटीत सैल हवा, तंतू त्यातून सरकले पाहिजेत. शिकवणाऱ्या ताईंनी ओला पंचा शेजारी पसरून ठेवला. कापूस किंचित दमट झाला की धागा कमी तुटतो, सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात ती त्यासाठीच. तरी एका पोरीचं तुटतच होतं. तिनं पेळू उजेडात धरला, नखानं एक पिवळट गुठळी उपटली आणि म्हणाली, "ताई, यात कवडी आहे." कवडी म्हणजे किडका, घट्ट झालेला कापूस. वेचणीला जाणारी पोर, तिच्या बोटांना ते कळलं. ताईंनी सगळ्यांचे पेळू तपासायला लावले. मुख्याध्यापक तेव्हा बाहेर गटाचा फोटो कुठे काढायचा ते बघत होते.

परतल्यावर टकळ्या करा, म्हणजे बोटांनी फिरवून सूत काढायच्या साध्या चात्या. सायकलचा जुना स्पोक, १८-२० सेंटिमीटर कापलेला, वरचं टोक पकडीनं वाकवून आकडा, खाली करवंटीची तीनेक सेंटिमीटरची चकती एम-सीलनं बसवलेली. भोक मधोमध नसेल तर टकळी लंगडते आणि धागा तोडते. मुलांनी काढलेलं ४० मीटर सूत तोला: ते ४ ग्रॅम भरलं, तर एका ग्रॅमला १० मीटर, म्हणजे मेट्रिक नंबर १०. पहिल्यांदा याहूनही जाड येईल, येऊ द्या.

तारीख जानेवारीतली धरा. दिवाळीच्या पुढे-मागे वेचणीमुळे निम्मा वर्ग रिकामा असतो.

आता हेही सांगतो, रमन विज्ञान केंद्र वाईट नाही. १९९२पासून आहे, तारांगणही आहे, पण त्याला वेगळा पूर्ण दिवस द्या, पुढच्या वर्षी. आणि भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यातल्या कुणी हे वाचलं तर जसंच्या तसं उचलू नका, तिकडच्या पोरांच्या हाताला कापसाची सवय नसते.

परवानगीला कुणी अडलं तर प्रस्तावात "चरखा" शब्द खाली ठेवा. विषयाच्या रकान्यात लिहा: सामान्य विज्ञान, घटक: कप्पी, घर्षण, तंतूंचे मापन. आमच्या मुख्याध्यापकांनी यावर विनाशब्द सही केली.