बेसूर म्हणा, पण बंद नका करू

मागच्या अंकात इंग्लंडातल्या मँचेस्टरकडच्या द फॉल या रॉक बँडवर चार ओळी लिहिल्या होत्या, जागा भरायची होती म्हणून. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि तीपण सगळी खेड्यापाड्यातून. त्यातली काही घेतोय.

भाऊ, माह्या नवऱ्याले हे द फॉल लागून गेलं. ट्रॅक्टरवर तेच, जेवताना तेच. तो माणूस गाते का कोणाले रागावते तेच समजत नाही, अन् एकच ठेका किती वेळ वाजवत रायतात. अशा भांडकुदळ गाण्यावर लोकं चाळीस-चाळीस वर्षं जीव काहून लावतात? — एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ताई, तुमचं बरोबर आहे हे आधी सांगून टाकतो, तो गातच नाही. मार्क ई. स्मिथ त्याचं नाव, सॅलफर्डचा, तिथल्या गोदीत कारकून होता, आणि 1976 मध्ये प्रेस्टविचच्या तिघा दोस्तांसोबत बँड काढला, नाव घेतलं फ्रेंच लेखक काम्यूच्या कादंबरीवरून. गळा नाही, सूर नाही, बोलल्यासारखं करतो, मधेच ओरडतो, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाला एक "अ" चिकटवून देतो. तो "अ" एकदा कानात बसला की मग निघत नाही, तुमच्या घरी तेच झालेलं दिसतं.

आता ठेक्याचं. तेच ते वाजवायचं हे त्यांनी ठरवूनच केलं होतं. 1978 च्या पहिल्याच रेकॉर्डवर 'रिपिटिशन' नावाचं गाणं आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी पाटी लावून टाकली की आमच्याकडं हेच मिळेल. तुमच्या गावात खंजेरीचं भजन होतं ना, एकच ओळ मंडळी धरून बसतात, पहिली पाच मिनिटं आपण घड्याळ बघतो आणि नंतर मान कधी हलायला लागली ते आपल्यालाच कळत नाही, तसंच आहे हे, फक्त यात देव नाही आणि बुवा कावलेला आहे. बेस गिटार आणि ड्रम एका जागी घट्ट उभे राहतात, गिटार वरून खरखरते, आणि या सगळ्यावर तो बाबा शेजारी, पेपरवाले, फुटबॉलवाले, भुतंखेतं, जे सापडेल त्याच्यावर बोलत सुटतो. इंग्रजी चांगलं येणाऱ्यांनापण अर्धं समजत नाही, त्यामुळे आपल्याला समजलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आणि चाळीस वर्षांचं म्हणाल तर माझं मत असं आहे की या माणसानं चाहत्यांना कधी लाडावलं नाही म्हणून ते टिकले. हिट म्हणावं असं फारसं नाहीच, इंग्लंडच्या चार्टवर त्यांचं सगळ्यात वर गेलेलं सिंगल 1987 चं, ते 30 नंबरवर थांबलं आणि तेही दुसऱ्याचं गाणं. कार्यक्रमाला गेलं की जुनी आवडती गाणी बहुतेक मिळायची नाहीत, नवीनच वाजवायचे, कधी अजून रेकॉर्ड न झालेली. वाजवता वाजवता हा स्वतः जाऊन गिटारवाल्याच्या ॲम्पची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याची, बटणं फिरवायचा. लोक चिडायचे आणि पुढच्या वेळी परत तिकीट काढायचे, कारण आज काय होईल ते कोणालाच माहीत नसायचं, बँडमधल्यांनापण नाही. 1979 ते 2017 मध्ये तीसच्या वर स्टुडिओ अल्बम आले, दर सव्वा वर्षाला जवळपास एक. म्हणजे चाहत्याला कायम काहीतरी भांडायला विषय! अमुक अल्बम फालतू, तमुक लाइनअप भारी, हे भांडण अजून चालूच आहे. बीबीसीचा जॉन पील, ज्यानं 1978 ते 2004 मध्ये त्यांची 24 सेशन्स रेडिओवर लावली, तो म्हणायचा की हे नेहमी वेगळे असतात आणि नेहमी तेच असतात. याच्यापेक्षा नेमकं मलातरी सांगता येणार नाही.

नवऱ्याला म्हणा ट्रॅक्टरवर ऐक, जेवताना नको. हा तोडगा चालायला हरकत नाही.

सुरुवात कुठून करू? नेटवर यांचे शंभर अल्बम दिसतात, नेटवर्क मात्र एकच दांडी. — कॉलेजचा विद्यार्थी, चिमूर

एक दांडी आहे तर आधी '50,000 फॉल फॅन्स कान्ट बी राँग' डाउनलोड करून ठेव. 2004 चं कलेक्शन, 39 गाणी. एल्विसच्या एका रेकॉर्डवर पाच कोटी चाहते चुकीचे कसे असतील असं लिहिलेलं होतं, यांनी त्यातली तीन शून्यं उडवली. स्वतःच्या चाहत्यांची संख्या स्वतःच चेष्टेत कव्हरवर छापणारा बँड मी दुसरा पाहिला नाही.

पुढे 'धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस', 1985. तोपर्यंत स्मिथची अमेरिकन बायको ब्रिक्स गिटारवर आली होती आणि तिनं त्या खडबडीत आवाजात चाली घातल्या, नवीन माणसाला हा सोपा जातो. तो पचला की 'हेक्स एन्डक्शन अवर', 1982, दोन ड्रमर, एक तासाचा अल्बम, काही भाग आइसलँडमध्ये रेकॉर्ड केलेला, काही इंग्लंडातल्या बंद पडलेल्या टॉकीजमध्ये. माझ्या मते सगळ्यात भारी हाच, पण यानं सुरुवात केली तर आठव्या मिनिटाला फोन फेकशील. आणि पहिल्या अल्बमच्या नावात 'लाइव्ह' आहे त्याला फसू नको, तो स्टुडिओतला आहे, एका दिवसात रेकॉर्ड केलेला.

तुम्ही या स्मिथचं लय कौतुक करता. तो बँडमधल्या लोकांशी किती वाईट वागायचा ते वाचा जरा. असा माणूस आवडला पाहिजे का? — एक वाचक, वरुड

वाचलंय हो. साठच्या वर माणसं त्या बँडमधून येऊन गेली, त्यातले कितीतरी वर्षभरपण टिकले नाहीत. 1998 मध्ये न्यूयॉर्कला स्टेजवरच आपसात मारामारी झाली, त्यानंतर स्मिथला अटक झाली, आणि स्टीव्ह हॅन्ली, जो 1979 पासून बेस वाजवत होता आणि ज्याच्यावर ती सगळी इमारत उभी होती, तो सोडून गेला. यात गंमत वाटावी असं काही नाही. चाहत्यांमध्ये एक जमात आहे जी असल्या गोष्टी किस्से म्हणून रंगवून सांगते, दारूचं कौतुक करते, मला ते बिलकुल पटत नाही, ज्याची नोकरी गेली त्याला विचारा किस्सा कसा होता ते.

पण आवडला पाहिजे असं कुठं लिहिलंय? मला तो माणूस शेजारी राहायला नको होता. गाणी मात्र हॅन्लीच्या बेसची, ब्रिक्सच्या गिटारची, त्या सगळ्या काढून टाकलेल्या पोरांचीपण आहेत, ती मी एका माणसाच्या वागण्यापायी का सोडून देऊ. 2017 च्या शेवटी तो आजारी होता, व्हीलचेअरवर बसून कार्यक्रम केले, आणि जानेवारी 2018 मध्ये साठाव्या वर्षी गेला.

मग आता फॉल आहे की संपला? — तोच चिमूरचा विद्यार्थी, दुसरा मेसेज

संपला. त्याच्याशिवाय त्या नावाला अर्थ नाही, हे त्याचे जुने साथीदारपण मानतात, म्हणून त्यांनी नाव वेगळं घेतलं, 'हाउस ऑफ ऑल'. सुरुवातीचा गिटारवाला मार्टिन ब्रामा, बेसवाला स्टीव्ह हॅन्ली आणि त्याचा भाऊ, आणि अजून दोन जुने. 2023 ला पहिला अल्बम आला, चांगला आहे, आणि त्यात कोणी कोणाच्या ॲम्पला हात लावत नाही.

आम्ही तिघं धुमाल पार्टीत वाजवतो, लग्नाचा सीझन संपला की रिकामेच. आम्हाला फॉलसारखं वाजवायचं आहे. आमच्याकडं ऑक्टोपॅड, कॅसिओ आणि एक ढोल आहे, गिटार नाही. जमेल का? — ता. मोहाडी, जि. भंडारा

जमेल काय, तुम्ही अर्धे पोचलेच आहात! वरातीसमोर एकच ठेका अर्धा तास न ढळता ओढणं ज्याला जमतं त्याला यातली अवघड गोष्ट येते. गिटारमागे पैसे घालू नका. कॅसिओवर डाव्या हातानं बेसचे दोन-तीनच सूर धरा आणि मोह झाला तरी चौथा लावू नका. ढोल आणि ऑक्टोपॅड दोघांनी मिळून एकच ताल, वर फिल, म्हणजे मधेच जास्तीचे तुकडे, मारायचे नाहीत, ही सवय तुम्हाला तोडावी लागेल कारण धुमालमध्ये दर चार मात्रांना काहीतरी फोडायची सवय असते. बोलणारा कोणीही चालेल, पण आपल्या बोलीत बोला, चुकाऱ्यावर, डीपी जळाल्यावर, सरपंचावर (नाव न घेता, गावात राहायचंय तुम्हाला), आणि सूर लावायचा प्रयत्न करू नका. 2005 चं 'ब्लाइंडनेस' ऐकून ठेवा, एकच बेस सात-साडेसात मिनिटं, तेवढं धरता आलं की मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. कॅसिओतला तो देवळाच्या घुमटासारखा घुमणारा इको मात्र आधी बंद करा.