वाचक विचारतात: काच, पितळ आणि अलाबास्टरचे दिवे

प्रश्न: हाताने फुंकलेल्या काचेचा गोल दिवा जेवणाच्या टेबलावर टांगला आहे. वरची पितळी टोपी पकडीने घट्ट केली होती. कुठे आपटला नाही, तरी दोन महिन्यांत मानेला केसासारखा तडा गेला. काच खराब निघाली का?

उत्तर: काचेला दोष देण्याआधी टोपी उतरवून पाहा. तडा स्क्रूच्या टोकापासून किंवा टोपीच्या कडेपासून निघाला असेल, तर चूक बसवण्यातली आहे. उष्णतेने पितळ साध्या काचेच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मानेच्या आत बसलेली कडी तापली की काचेला रेटते. बाहेरची टोपी दिवा गरम असताना आवळली असेल, तर थंड होताना काच चिमटीत धरते. त्यात फुंकलेल्या काचेचं तोंड कधीच अगदी गोल नसतं. एखाद्या मिलिमीटरचा फरक असतोच, त्यामुळे सगळा दाब दोन-तीन बिंदूंवर येतो.

काच आणि पितळ यांच्यात सगळीकडून एक ते दीड मिमी फट ठेवा. काचेच्या वर आणि खाली दोन मिमी जाडीचा सिलिकॉन वॉशर घाला. साधं रबर नको, ते उष्णतेने कडक होतं. नट हातानेच फिरवा, वॉशर जरासा दबला की थांबा. तीन स्क्रूंची टोपी असेल तर तिन्ही आळीपाळीने थोडे थोडे पिळा.

वजनही तपासा. ३० सेंमी व्यासाचा, ४ मिमी जाडीचा गोल साधारण पावणेतीन किलो भरतो. हा भार स्टीलच्या तारेवर किंवा दांडीवर हवा. विजेची वायर किंचित सैल राहिली पाहिजे. पितळी भागाला अर्थिंग जोडलेलं हवंच.

तडा भलत्याच जागी असेल, तर काच भट्टीतून घाईने थंड केली गेली असावी. संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर पोलराइज्ड गॉगल फिरवत पडदा काळा दिसेपर्यंत आणा आणि मधे काच धरा. ताण राहिलेल्या जागी उजळ पट्टे दिसतात. तडा गेलेला गोल मात्र चिकटवून पुन्हा टांगू नका.

प्रश्न: दिव्याखालची अलाबास्टरची चकती ओल्या फडक्याने पुसत होतो. चमक गेली आणि मधोमध पांढराफटक डाग पडला.

उत्तर: चमक पाण्याने गेली, डाग बहुधा उष्णतेचा आहे. अलाबास्टर म्हणजे जिप्सम, उजेड झिरपू देणारा मऊ दगड. लिटरभर पाण्यात तो सुमारे दोन ग्रॅम विरघळतो. बराच काळ तापत राहिला तर त्याच्यात बांधलेलं पाणी निघून जातं आणि दगड अपारदर्शक होतो. तो डाग पुसून निघत नाही. चार-पाच वॉटचा एलईडी लावा, दगडापासून तीन-चार सेंमी दूर, आणि धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. काच पुसायचं अमोनियावालं द्रावण दिव्यावर फवारू नका: पितळावर डाग पडतात आणि ओघळ दगडावर येतो.

प्रश्न: काचेत बुडबुडे आहेत. परत करावा का?

उत्तर: आत बंद असलेले बारीक बुडबुडे चालतात. पृष्ठभागावर फुटलेला, नखाला लागणारा किंवा मानेजवळचा असेल तर जरूर परत करा.